आप्पांच्या वहीतलं आमचं खातं

आमच्या घराची आणि माझ्या मैत्रिणीच्या घराची ऐपत यांत अंतर किती, हे मला नववीत कळलं. तेही अंदाजानं नाही, आकड्यांनी. तिच्या वडिलांनी पेढीची वही माझ्यापुढे उघडली आणि ती वाचायची कशी हे शिकवलं. आज मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते. समोरच्या माणसाची पगाराची चिठ्ठी हातात घेते, तेव्हा ती वाचायची रीत मला कुणी दिली हे विसरत नाही. त्या घराचं माझ्यावरचं देणं एकदा लिहून ठेवायचं होतं. मैत्रिणीचं नाव घालत नाही, तिला ते रुचणार नाही. तिच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणायचे आणि आईला अक्का. मीही तेच म्हणत आले.

आप्पांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत होती. राहायला गणपती पेठेच्या बाजूला जुना दुमजली वाडा, दारात स्कूटर, माजघरात रंगीत टीव्ही, आणि १९८० च्या दशकात ज्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे तो टेलिफोन. आमच्या दोन खोल्या तिथून चालत दहा मिनिटांवर, भाड्याच्या. बाबा जिल्हा परिषदेत लिपिक. चौथा वेतन आयोग लागू झाल्यावरही भविष्य निर्वाह निधी आणि सोसायटीचा हप्ता कापून त्यांच्या हातात साडेअकराशे-बाराशे यायचे. आई फॉल-पिको करायची, ब्लाउज शिवायची.

मी रोज संध्याकाळी मैत्रिणीकडे अभ्यासाला जायचे. ते जैन, सूर्यास्ताच्या आत त्यांची जेवणं उरकायची. पुढचा सगळा वेळ वाडा शांत असायचा आणि आम्हाला अभ्यासाला माडी मिळायची. घरी परतताना माझ्या डोक्यात हिशेब चालू असायचा. त्यांच्याकडे काय आहे आणि आमच्याकडे काय नाही, याचा. मुलं हे करतातच. त्यात हेवा होता, कुतूहलही होतं. मोठी माणसं असला प्रश्न विचारू देत नाहीत, त्यामुळे मुलाच्या हाती फक्त वस्तू उरतात. टीव्ही आहे म्हणजे श्रीमंत, नाही म्हणजे गरीब.

मी प्रश्न विचारला तो दिवाळीच्या पाडव्याला. पेढीवर नव्या वहीची पूजा झाली होती. १९८९ पासून आयकरासाठी सगळ्यांचंच वर्ष मार्चअखेर बंद होऊ लागलं, पण व्यापाऱ्याच्या मनातलं वर्ष आजही पाडव्यालाच सुरू होतं. गादीवर पांढरी स्वच्छ चादर, बैठं मेज, त्यावर लाल कापडी बांधणीच्या लांब वह्या, पहिल्या पानावर कुंकवानं काढलेलं ‘श्री’. आम्ही दोघी प्रसाद घ्यायला गेलो होतो. गर्दी ओसरली होती. मी विचारलं, ‘‘आप्पा, तुमच्याकडं एकूण पैसे किती आहेत?’’

मैत्रिणीनं मला चिमटा काढला. दिवाणजींनी मान वर करून पाहिलं. आप्पा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ‘‘बस हितं,’’ म्हणाले आणि सरलेल्या वर्षाची वही त्यांनी पुढे ओढली.

डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आधी त्यांनी एका शेतकऱ्याची पट्टी दाखवली. किती पोती आली, काट्यावर वजन किती भरलं, सौद्यात भाव काय निघाला, त्यातून अडत, हमाली, तोलाई वजा जाता हातात काय पडलं. ‘‘ही अडत म्हणजे माझी कमाई. ध्यानात आलं? बाकीचं सगळं त्याचं आहे.’’ मग त्यांनी पान उलटलं. शेतकऱ्याला पैसे लगेच द्यायचे. मुंबई, दिल्ली, गुजरातेतले खरेदीदार मात्र पैसे धाडणार पंधरा दिवसांनी, महिन्यानं, कधी दोन महिन्यांनी. मधल्या दिवसांत पैसा कुठून येतो? बँकेकडून. हरिपूरच्या पेवांत ठेवलेल्या हळदीच्या तारणावर.

ही पेवं मी पाहिलेली होती. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या गावात जमिनीखाली खोल खणलेली, अरुंद तोंडाची कोठारं. तिथली माती अशी की आतली हळद वर्षानुवर्षं न किडता राहायची. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, आधी कोंडलेली हवा जाऊ द्यावी लागायची. त्या काळोखात आप्पांची श्रीमंती ठेवलेली आहे, असं मला वाटायचं. त्या दिवशी समजलं, की तिच्यावर बँकेचा बोजा आहे.

‘‘बँक सतरा टक्के घेते. लाखाला महिन्याचं व्याज किती, सांग.’’

मी तोंडी हिशेब केला. चौदाशे सोळा रुपये आणि वर काही पैसे.

‘‘आणि तुझ्या बाबांचा पगार?’’

मी सांगितला. एका लाखाचं महिन्याचं व्याज माझ्या बाबांच्या पगाराहून जास्त होतं, आणि आप्पांचं कर्ज एका लाखाचं नव्हतं. आकडा त्यांनी मला दाखवला, तो इथे लिहीत नाही. मग येणी दाखवली. काही नावांसमोर दोन-दोन वर्षांची बाकी होती. ‘‘हे येणार. हे बहुतेक येणार. हे गेलं.’’ ‘‘गेलं’’ म्हणताना त्यांचा आवाज जराही बदलला नव्हता. शेवटी त्यांनी बेरीज-वजाबाकी करून दाखवली. वाडा, गोदाम, माल, सोनं आणि येणी एका बाजूला, देणी दुसऱ्या बाजूला. जे उरलं ते आमच्या घराच्या कितीतरी पट होतं. मी कल्पिलेल्या रकमेपेक्षा मात्र बरंच कमी होतं.

‘‘तुझ्या बाबांना एक तारखेला पगार येतो,’’ ते म्हणाले. ‘‘म्हातारपणी पेन्शन येणार. माझ्या वहीत एक तारीख नाही, बाळ. आणि तुमच्या घरची वही कोण लिहितं?’’

‘‘आई.’’

‘‘ती बघ जाऊन. ती माझ्यापेक्षा अवघड आहे. मला कमी पडलं तर मी बँकेत जातो. तुझी आई कुठं जाते?’’

आईची वही म्हणजे माझ्या जुन्या शाळेच्या वह्यांतली कोरी पानं दोऱ्यानं शिवून केलेली. ती पिठाच्या डब्यामागे असायची. त्या रात्री आईला विचारून मी ती वाचायला घेतली. दूध, वाणी, रॉकेल, भाडं, आजीची औषधं, माझी फी, भिशी. महिन्याच्या वीस तारखेनंतर भाजीचा खर्च निम्म्यावर यायचा आणि ताकाची कढी, पिठलं, आमटी यांवर घर चालायचं. आम्हाला ते कधी जाणवलं नव्हतं, कारण पिठलं आवडीनं केल्यासारखं वाढलं जायचं. आजीच्या औषधांची रक्कम मात्र महिनोन् महिने तीच होती, ती कधी कमी झालेली नव्हती. महिन्याच्या शेवटी शिल्लक. कधी अकरा रुपये, कधी चार. पण दर महिन्याला शिल्लक होतीच. कुणाचंही देणं कुठे लिहिलेलं नव्हतं. अधूनमधून ‘पो.’ असं अक्षर आणि पुढे रक्कम. ते पोस्ट होतं.

आणि एक ओळ वारंवार होती. ‘अक्का, शिलाई.’

अक्कांबद्दल लिहिताना मला जपून लिहावं लागतं, कारण त्यांनी केलं ते दिसू नये अशा बेतानं केलेलं होतं. ऐपतवाल्या घरातून कमी ऐपतीच्या घरात सहसा काय येतं? मुलीला आखूड झालेले फ्रॉक, उरलेलं सणाचं गोडधोड, ‘राहू दे, परत करू नका’ म्हणून दिलेली नोट. अक्कांनी यातलं काहीही आमच्या घरी कधी पाठवलं नाही. त्यांनी आईला काम दिलं, आणि शिलाईचा दर पेठेतला शिंपी घ्यायचा तोच दिला. एकदा आईनं ओळखीची म्हणून कमी सांगितला, तर त्यांनी ब्लाउज उचललेच नाहीत. ‘‘तुम्ही दर कमी केला तर मला दुसरीकडं जावं लागंल,’’ म्हणाल्या.

त्याहून मोठी गोष्ट, त्या आमच्याकडे मागायच्या. आमच्या भागात वर्षाचं तिखट म्हणजे कांदा-लसूण चटणी. त्यांच्या घरात कांदा-लसूण चालत नसे. आईच्या हाताचा मसाला त्यांना आवडायचा, म्हणून दर उन्हाळ्यात आई त्यांच्यासाठी कांदा-लसूण न घालता वेगळा मसाला करायची. खलबत्ता आधी धुऊन, उन्हात वाळवून घ्यायची, मागचा वास राहू नये म्हणून. तो डबा आमच्याकडून जायचा आणि त्यांच्याकडून आमची वर्षाची हळद यायची. राजापुरी, घरी दळलेली. डबा उघडला की खोलीभर वास. हिशेबात कुणाचं पारडं जड होतं हे मी एकदा काढायला बसले आणि सोडून दिलं. त्या देवघेवीमुळे मी त्यांच्या माजघरात मान वर करून बसू शकले. श्रीमंत मैत्रिणीच्या घरी जात-येत वाढलेल्या मुलीला याहून मोठं देणं कुणी देऊ शकतं, असं मला वाटत नाही.

१९९२ मध्ये आप्पांवर वाईट वेळ आली. मी तेव्हा बी.कॉम.ला होते. बाहेरगावचा एक मोठा खरेदीदार बुडाला. त्याच्याकडचं येणं एवढं होतं, की बँकेनं पुढची उचल थांबवली. हंगाम ऐन भरात, यार्डात रोज गाड्या लागत होत्या, आणि ज्यांची हळद विकली गेली होती त्या शेतकऱ्यांचे पैसे द्यायचे होते. अक्कांचं सोनं बँकेत गेलं. टेलिफोन दिवसभर वाजायचा आणि आप्पा प्रत्येक वेळी स्वतः उचलायचे, दिवाणजींना ‘मी नाही म्हणून सांग’ असं त्यांनी एकदाही सांगितलं नाही.

आईच्या ‘पो.’ची मुदत त्याच सुमाराला भरली होती. पोस्टात इंदिरा विकास पत्र १९८६ मध्ये सुरू झालं. पाच वर्षांत दामदुप्पट, आणि पत्रावर घेणाऱ्याचं नावच नसायचं. हरवलं तर गेलं. आईनं तिची पत्रं डाळीच्या डब्यात तळाशी ठेवली होती. अडीच हजारांचे पाच हजार झाले. ते पैसे शिलाईचं नवं मशीन घेण्यासाठी होते, पायानं चालवायचं जुनं मशीन तिला झेपेनासं झालं होतं. पोस्टातून आल्यावर आई तडक वाड्यावर गेली, मला बरोबर घेऊन. अक्कांपुढे पाकीट ठेवून म्हणाली, ‘‘तुमच्या आकड्यापुढं हे काहीच नाही. पण आज कुणाला तरी द्यायचे असतील ना?’’

अक्का नको म्हणाल्या नाहीत. माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्याकडून घेणं त्यांना कमीपणाचं वाटलं असतं, तर तोवरच्या सगळ्या वर्षांना काही अर्थ राहिला नसता. त्यांनी पाकीट उचललं, देवासमोर ठेवलं आणि मला म्हणाल्या, ‘‘पेढीवर नेऊन दे. आप्पांना सांग, वहीत लिहून घ्या.’’

पेढीच्या कट्ट्यावर वाळवा भागातला एक शेतकरी सकाळपासून बसून होता. अर्धी पट्टी मिळाली होती, अर्धी राहिली होती. आप्पांनी पाकीट उघडलं, नोटा मोजल्या आणि त्याची राहिलेली रक्कम माझ्यासमोर त्याच्या हातात दिली. मग वही ओढून जमेच्या बाजूला माझ्या आईचं पूर्ण नाव लिहिलं. तारीख, रक्कम, व्याजाचा दर. तोच दर, जो ते बँकेला देत होते. बँक, मोठे सावकार, नात्यातले व्यापारी अशा देण्यांच्या रांगेत आईचं एक खातं. नववीत असताना मी अशाच वह्या पाहिल्या होत्या. आमचं नाव असं कधी त्यात येईल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पेढी सावरायला दीड वर्ष लागलं. १९९३ च्या पाडव्याला आप्पा स्वतः आमच्या खोलीवर आले. मुद्दल आणि व्याज आईच्या हातात दिलं, वही बरोबर आणली होती, तीत तिची सही घेतली. चहा प्यायले. नवं मशीन आलं.

आमच्याकडे अशा घरांबद्दल ‘मोठं घर, पोकळ वासा’ म्हणायची सोय आहे. मला ती म्हण आवडत नाही. आप्पांचं घर पोकळ नव्हतं. त्यांच्याकडे खरोखर जास्त होतं. वाडा होता, सोनं होतं, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पत होती. संकटात त्यांना पैसे द्यायला माणसं होती. बाबांना सोसायटीच्या मर्यादेपलीकडे एक रुपया कुणी दिला नसता. दीड वर्षात सावरता येणं हीसुद्धा श्रीमंतीच आहे. आमच्यावर तसा घाव आला असता तर आम्हाला सावरायला किती वर्षं लागली असती, कोण जाणे. श्रीमंतांची दुःखं मोजून गरिबानं समाधान मानावं, असं त्या वहीनं मला शिकवलं नाही. त्यांच्याकडे काय आहे, त्यातलं त्यांचं किती, दुसऱ्याचं किती, जोखीम कुणाच्या डोक्यावर, आणि पडलं तर सावरायला खाली काय आहे, हे सगळं एकत्र पाहायला शिकवलं. तुलना करायची तर पुरती करावी. निम्मी तुलना माणसाला एक तर लाचार करते, नाहीतर कडवट.

माझ्या टेबलाशी रोज निम्म्या तुलना येतात. मित्रानं पुण्यात फ्लॅट घेतला म्हणून आम्हीही घेतो, बहिणीकडे गाडी आली म्हणून आम्हालाही हवी. मी त्यांना आधी कागदावर मांडून दाखवते. ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं. हप्ता सुमारे ४३,४०० रुपये. वीस वर्षांत एकूण फेड एक कोटी चार लाखांच्या वर. मित्राच्या फ्लॅटचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्याचा हप्ता कुणालाच माहीत नसतो. मी विचारते, ‘‘त्याला विचारलंत का?’’ बहुतेकांना हा प्रश्न असभ्य वाटतो. वीस-वीस वर्षांची मैत्री असते, एकमेकांच्या घरची बाळंतपणं, भांडणं, आजारपणं सगळं ठाऊक असतं, आणि पगार व कर्ज तेवढं ठाऊक नसतं. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणून आपण ती आयुष्यभर झाकतो, आणि समोरच्याच्या झाकल्या मुठीत पाच लाख आहेत असं धरून चालतो.

माझी मैत्रीण आता पुण्यात असते. तिचा नवरा मोठ्या हुद्द्यावर आहे, पैशानं ती आजही माझ्या खूप पुढे आहे. दर दिवाळीत आम्ही दोघी एकमेकींना सगळं सांगतो. कर्ज किती फिटलं, शिल्लक काय, मुलांच्या शिक्षणाला किती लागलं, काय चुकलं. तिच्या वडिलांनी घालून दिलेली रीत आम्ही मोडलेली नाही. तिच्या घरी जाताना माझ्या मनात आता कसलीच गाठ नसते.

२००५ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला आणि हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. कित्येक पेवं कायमची गेली. आप्पांचाही माल त्यात होता. या खेपेला वय त्यांच्या बाजूनं नव्हतं. त्यांनी सगळी देणी चुकती केली आणि पेढी मुलाच्या हाती सोपवली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते पाहायला ते नव्हते. अक्काही आता नाहीत. बाबा गेले, आणि आईला त्यांच्या मागे दर महिन्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. आप्पा म्हणाले होते ती एक तारीख आजही आमच्या घरात येते. माझ्या धाकट्या भावाचं तसं नाही. तो शिक्षक आहे, १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागला, आणि त्या तारखेपासून राज्यात लागलेल्यांना जुनी पेन्शन लागू झाली नाही. त्याच्या मुलांना मी आईची दोऱ्यानं शिवलेली वही दाखवली आहे, आणि माझ्या घरची वहीसुद्धा.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरी तुमच्या मुलांचे मित्र येत असतील, त्यांतला एखादा कमी ऐपतीच्या घरातला असेल, आणि त्यानं कधी भाबडेपणानं विचारलं की काका, तुमच्याकडे किती पैसे आहेत, तर त्याला गप्प करू नका. त्याला शेजारी बसवा आणि जमा-नावे दोन्ही बाजू दाखवा. आणि त्याच्या आईनं कधी काही देऊ केलं, तर ते घ्या.